खिडक्यांचा कंट्रोलर: जुन्या कॉम्प्युटरवर विंडो मॅनेजर लावताना

१४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चे नेहमीचे मोफत अपडेट थांबले. विंडोज ११ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा लागतो. कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या वर्कशॉपमध्ये चलन काढणारा किंवा लक्ष्मीपुरीतल्या दुकानात बिलं छापणारा दहा वर्षांचा कॉम्प्युटर त्यात सहसा बसत नाही. मशीन धडधाकट असतं, पण पुढं नेता येत नाही. मग कुणीतरी सांगतं, "लिनक्स टाक." त्याच्याही पुढचा कुणीतरी सांगतो, "हलकं पाहिजे तर आय-थ्री टाक भावा, नाद खुळा पळतंय."

टाकलं जातं. लॉगिन होतं. आणि समोर काळा पडदा. स्टार्ट बटण नाही, आयकॉन नाही, खाली एक बारीक पट्टी आणि तिच्या कडेला घड्याळ. माऊस फिरतो, पण क्लिक करायला काहीच नाही.

बिघडलेलं काही नसतं. आय-थ्री हा विंडो मॅनेजर आहे, आणि खिडक्या कुठं बसवायच्या हे बघणं एवढंच विंडो मॅनेजरचं काम असतं. बाकीची वीस कामं आजवर दुसरंच कुणीतरी गुपचूप करत होतं, आणि ते आता घरी गेलंय.

एक सूचना आधीच. या लेखात आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत, टाइप मात्र त्या इंग्रजी अक्षरांतच करायच्या. लहान आणि मोठं अक्षर तिथं वेगळं मानलं जातं, म्हणून मूळ फाइलमध्ये जसं असेल तसंच ठेवायचं.

## आधी स्टँडवर जाऊ

मध्यवर्ती बसस्थानकात पुण्याची गाडी येते, सांगलीची येते. गाडी हाकायचं काम ड्रायव्हरचं. मैदान, फलाट, दिवे ही स्टँडची सोय. पण कुठली गाडी कुठल्या फलाटाला लावायची, कुठली मागं घ्यायची, हे कंट्रोलर बघतो. तो गाडी चालवत नाही, आणि गाडीत कोण बसलंय याच्याशी त्याला कर्तव्य नाही.

कॉम्प्युटरवर गाड्या म्हणजे प्रोग्राम: ब्राउझर, हिशेबाची शीट, कॅल्क्युलेटर. स्टँड म्हणजे डिस्प्ले सर्व्हर, पडद्यावर चित्र उमटवणारा आणि कीबोर्ड-माऊसचे इशारे पोचवणारा प्रोग्राम. युनिक्सच्या घराण्यात हे काम कित्येक वर्षं एक्स करत आला. १९८४ साली अमेरिकेतल्या एमआयटीत तो सुरू झाला, आणि एक्स-११ ही त्याची आवृत्ती १९८७ची. तो बनवणाऱ्यांनी एक गोष्ट मुद्दाम त्यात घातली नाही: खिडकी कुठं उघडावी, तिला चौकट कशी असावी, ती सरकवायची कशी. हा निर्णय त्यांनी वेगळ्या प्रोग्रामवर सोडला. तोच विंडो मॅनेजर, आपला कंट्रोलर.

तो नसला तर काय होतं, हे एकदा बघण्यासारखं आहे. नुसता एक्स चालू करून त्यात साधं एक्सटर्म हे टर्मिनल, म्हणजे आज्ञा टाइप करायची खिडकी, उघडलं तर ते डाव्या वरच्या कोपऱ्यात चिकटून बसतं. वर नावाची पट्टी नाही, बंद करायची फुली नाही, ओढलं तर हलत नाही. आत टाइप केलेलं मात्र व्यवस्थित उमटतं. गाडी चालू, कंट्रोलर रजेवर.

आणि डेस्कटॉप एन्व्हायर्नमेंट म्हणजे स्टँडचा अख्खा कारभार: चौकशीची खिडकी, लाऊडस्पीकर, रात्रीचा वॉचमन, सगळं धरून. ग्नोम, केडीई, एक्सएफसीई ही अशी तयार बिऱ्हाडं. प्रत्येकाच्या पोटात एक विंडो मॅनेजर असतोच, ग्नोममध्ये मटर, केडीईत के-विन. तुम्ही नुसता आय-थ्री घेता तेव्हा फक्त कंट्रोलर कामावर ठेवता. पुढच्या निम्म्या तक्रारी इथूनच निघतात.

## ढीग की ताट

विंडोज वापरणाऱ्याला ढिगाची सवय असते. टेबलावर कागद टाकावेत तशा खिडक्या एकमेकींवर पडतात आणि हवी ती आपण वर ओढतो. लिनक्सवर ओपनबॉक्स याच जातीचा.

आय-थ्री दुसऱ्या जातीचा. त्याला टायलिंग म्हणतात. इथं पडदा म्हणजे ताट. तांबड्याची वाटी, पांढऱ्याची वाटी, सुकं, भाकरी, सगळं शेजारी-शेजारी, कशावर काही नाही. पहिली खिडकी उघडली की ती पूर्ण पडदा घेते. दुसरी आली की दोघींत निम्मं-निम्मं. तिसरीला तिसरा हिस्सा. चौथ्या खिडकीनंतर ताट गच्च होतं, आणि तेव्हा दुसरं ताट घ्यायचं. त्या दुसऱ्या ताटाला वर्कस्पेस म्हणतात. नेहमीच्या मांडणीत असे दहा हाताशी असतात, १ ते ०च्या बटणांवर.

काउंटरवर याचा खरा फायदा वेगाचा नाही, जागा ठरलेली असण्याचा आहे. बिल कायम १वर, ब्राउझर कायम २वर, स्टॉकची शीट ३वर. समोर गिऱ्हाईक उभं असताना खिडकी शोधावी लागत नाही, बोट आपोआप जातं.

## बसवायचं कसं

डेबियन किंवा उबुंटूवर टर्मिनलमध्ये 'सुडो ॲप्ट इन्स्टॉल आय-थ्री' एवढं पुरतं. मशीन फारच जुनं, ३२ बिटचं असेल तर थांबा: ऑगस्ट २०२५मध्ये आलेल्या डेबियन १३चा ३२ बिट पीसीसाठी इन्स्टॉलरच नाही.

आधीचा डेस्कटॉप काढून टाकू नका. लॉगआउट करा. लॉगिनच्या पडद्यावर दातेरी चाक किंवा 'सेशन' असं काहीतरी दिसतं, तिथं आय-थ्री निवडा. नाही जमलं तर तिथूनच जुन्या डेस्कटॉपवर परत जाता येतं.

पहिल्यांदा शिरल्यावर तो दोन प्रश्न विचारतो. सेटिंगची फाइल बनवू का? हो. मुख्य बटण विंडोजचं ठेवू की ऑल्ट? विंडोजचं ठेवा, कारण ऑल्ट ब्राउझर आणि लिबरऑफिस स्वतःच्या मेनूसाठी वापरतात आणि मग दोघांची ओढाताण होते. या बटणाला फाइलमध्ये मॉड म्हणतात, पुढं तोच शब्द.

पहिल्या दिवशी पाच गोष्टी पाठ असल्या की बास. मॉड+एंटरनं टर्मिनल उघडतं. मॉड+डीनं वर एक पट्टी येते, तिच्यात प्रोग्रामचं नाव टाइप करायचं. मॉड+शिफ्ट+क्यूनं समोरची खिडकी बंद. मॉड आणि बाणानं एका खिडकीतून दुसरीत. मॉड+शिफ्ट+ईनं बाहेर. मॉड+डी दाबून काहीच झालं नाही तर सकलेस-टूल्स नावाचं पॅकेज आलेलं नसतं, ते वेगळं घाला. खालच्या पट्टीत घड्याळाऐवजी १२७ हा आकडा असलेली चूक दिसली तर आय-थ्री-स्टेटस राहिलेलं असतं.

## फाइल उघडली की

सगळी मांडणी एकाच साध्या मजकुराच्या फाइलमध्ये असते: तुमच्या होम फोल्डरमधल्या डॉट-कॉन्फिग, त्यातल्या आय-थ्री या फोल्डरात, नाव 'कॉन्फिग'. पहिलं काम, तिची नक्कल करून ठेवणं. दुसरं, एका वेळी एकच ओळ बदलणं.

ओळींचा घाट ठरलेला असतो. बटणाला काम लावायचं तर:

बाइंडसिम $मॉड+बी एक्झेक फायरफॉक्स

बाइंडसिम म्हणजे या बटणाला हे काम बांध, एक्झेक म्हणजे हा प्रोग्राम चालव. फाइल सेव्ह करून मॉड+शिफ्ट+सी दाबलं की नवी मांडणी लागू. बी आधीच दुसऱ्या कामाला बांधलेलं असेल तर वर लाल पट्टी येते आणि एकच बटण दोनदा बांधल्याची तक्रार करते. ती पट्टी घालवायची घाई करू नका, तिच्यातलं चुका दाखवायचं बटण दाबा. घोळ कशात आहे ते तिथं दिसतं, लिहिण्यातली चूक असेल तर ओळीच्या आकड्यासकट. लागू करण्याआधीच तपासायचं तर टर्मिनलमध्ये 'आय-थ्री -सी', यातला सी कॅपिटल.

आता जरा अवघड पण रोजच्या कामाचं. कॅल्क्युलेटर उघडला की टायलिंगमध्ये तो अर्धा पडदा खातो. आकडे तळहाताएवढे दिसतात आणि बिलाची शीट चिंबते. त्याला ताटातून उचलून वर तरंगत ठेवायचा, तर आधी त्याचं खरं नाव पाहिजे. टर्मिनलमध्ये 'एक्सप्रॉप' टाइप करून एंटर दाबा, माऊसचा बाण अधिकच्या चिन्हासारखा होतो, मग कॅल्क्युलेटरवर क्लिक करा. भराभर ओळी येतात. त्यातली 'डब्ल्यूएम-क्लास' ही ओळ शोधा. तिच्यात अवतरणात दोन नावं असतात, उदाहरणार्थ गॅलक्युलेटर दोनदा, एकदा सगळं लहान अक्षरांत आणि एकदा पहिलं अक्षर मोठं. आपल्याला दुसरं पाहिजे. मग फाइलमध्ये:

फॉर-अंडरस्कोर-विंडो [क्लास="गॅलक्युलेटर"] फ्लोटिंग एनेबल

इथं पहिलं अक्षर लहान टाकलं की ओळ बरोबर दिसते, लाल पट्टीही येत नाही, आणि काम मात्र होत नाही. आय-थ्रीच्या दृष्टीनं चूक नाहीच. त्या नावाची खिडकी कधी आलीच नाही, एवढंच.

ठराविक प्रोग्राम ठराविक फलाटालाच लागावा यासाठी 'असाइन' आहे: असाइन, मग कंसात क्लास, मग २. ब्राउझर कुठूनही उघडला तरी २वर जातो. डेबियनच्या फायरफॉक्सच्या नावाला ईएसआर ही शेपूट असते, तेव्हा अंदाजानं लिहू नका, एक्सप्रॉपला विचारा. काही प्रोग्राम असेही असतात की खिडकी आधी उघडतात आणि नाव मागून सांगतात. पाटी न लावता स्टँडात शिरलेली गाडी! कंट्रोलर बिचारा काय करणार? त्यांना असाइन लागत नाही, वरच्याच फॉर-विंडोच्या ओळीत फ्लोटिंगच्या जागी 'मूव्ह टू वर्कस्पेस' लिहायचं.

वर्कस्पेसला मराठी नाव देता येतं, '1: बिलं' असं. पण पुढचा आकडा इंग्रजी अंकातच ठेवा. आय-थ्री क्रमांक ओळखतो तो त्या अंकांवरून; देवनागरी १ त्याला आकडा वाटत नाही, अक्षर वाटतं.

## मराठी कुठं गेली?

हा प्रश्न हमखास येतो. आधीच्या डेस्कटॉपवर भाषा बदलायचं बटण कोपऱ्यात होतं, आता नाही. ते बटण डेस्कटॉपचं होतं, विंडो मॅनेजरचं कधीच नव्हतं.

इनस्क्रिप्ट, म्हणजे प्रमाणित देवनागरी कीबोर्ड, येत असेल तर काम एका ओळीचं आहे. फाइलमध्ये एक्झेक लिहून पुढं 'सेट-एक्सकेबी-मॅप' ही आज्ञा: लेआउटमध्ये 'यूएस' आणि 'इन' स्वल्पविरामानं जोडून, आणि ऑप्शनमध्ये ऑल्ट-शिफ्टनं अदलाबदल. यात क्रमाला महत्त्व आहे. यूएस आधी, इन नंतर. आय-थ्री आपली सगळी बटणं पहिल्या लेआउटवरून वाचतो आणि मग ती दोन्ही भाषांत चालवतो. देवनागरी आधी ठेवली तर पहिल्या लेआउटमध्ये इंग्रजी डी हे अक्षरच सापडत नाही, आणि मॉड+डी दाबलं की शुकशुकाट. लोक कीबोर्ड बदलून आणतात अशा वेळी.

उच्चाराप्रमाणे टाइप करणाऱ्यांना आयबस हा भाषेच्या टायपिंगचा प्रोग्राम लागतो. तो तयार डेस्कटॉपवर आपोआप सुरू होतो, इथं एक्झेकनं 'आयबस-डीमन -डीआरएक्स' असा सुरू करावा लागतो. सुरू असूनही एखाद्या प्रोग्रामात मराठी उमटत नसेल तर त्या प्रोग्रामला आयबसचा पत्ता मिळालेला नसतो. डेबियनवर 'आयएम-कॉन्फिग' चालवून आयबस निवडायचा आणि पुन्हा लॉगिन करायचं.

खिडकीच्या नावात मराठीऐवजी चौकोन दिसले तर फॉन्ट नाही. लोहित देवनागरी किंवा नोटो सॅन्स देवनागरी घाला आणि फाइलमधल्या 'फॉन्ट पँगो' या ओळीत तेच नाव, पुढं १० हा आकार. जुन्या डीटीपी फाइली उघडल्यावर अगम्य अक्षरं दिसतात तो आजार निराळा. त्या युनिकोडच्या आधीच्या फॉन्टच्या आहेत आणि विंडो मॅनेजर कुठलाही असो, तशाच दिसणार.

## घरी गेलेला स्टाफ परत बोलवायचा

वाय-फायचं चिन्ह हवं तर 'एनएम-ॲपलेट'. सूचनांचे चौकोन हवेत तर 'डन्स्ट'. पेन ड्राइव्ह लावल्या-लावल्या उघडायला 'युडिस्की'. प्रत्येकाची एकेक एक्झेक ओळ. एक्झेकच्या पुढं 'नो-स्टार्टअप-आयडी' हा शेरा लावायचा, नाहीतर सुरुवातीला माऊसच्या जागी मिनिटभर घड्याळच फिरत राहतं आणि मशीन अडकलं असं वाटतं.

सगळ्यात जास्त छळणारी उणीव वेगळीच आहे. काही प्रोग्रामना मधूनच पासवर्ड विचारायचा असतो, उदाहरणार्थ डिस्कची वाटणी करणारा जी-पार्टेड. क्लिक करता, काहीच होत नाही. चूक नाही, निरोप नाही, चिडीचूप. पासवर्डची खिडकी दाखवणारा पोलकिट एजंट चालू नसतो. 'एलएक्स-पोलकिट' घालून त्याची एक्झेक ओळ लिहा, प्रश्न मिटतो.

एक्झेक आणि 'एक्झेक-ऑलवेज' यांत गल्लत होते. पहिला लॉगिनच्या वेळी एकदाच चालतो. दुसरा आय-थ्री जागच्या जागी रिस्टार्ट केला की पुन्हा चालतो. चार वेळा रिस्टार्ट केलं की एकाच प्रोग्रामच्या चार-पाच प्रती होतात. एनएम-ॲपलेटसारख्या बसून राहणाऱ्या प्रोग्रामना एक्झेक, आणि वॉलपेपर लावून निघून जाणाऱ्यांना एक्झेक-ऑलवेज.

दुकानात पडदा लॉक करायला 'आय-थ्री-लॉक' आहे. लॉक झाला की पडदा पांढराफटक होतो, ना चौकट ना 'पासवर्ड द्या'. घाबरू नका, टाइप करायला लागलं की मधोमध एक वर्तुळ येतं, चुकलं की लाल होतं.

## एवढ्या उठाठेवीनं मशीन पळेल का?

थोडं. विंडो मॅनेजर स्वतः फारच कमी मेमरी घेतो, पण आजच्या कॉम्प्युटरची मेमरी खाणारा ब्राउझर आहे, डेस्कटॉप नाही. टर्मिनलमध्ये 'फ्री -एच' चालवा, 'अव्हेलेबल'खालचा आकडा बघा, मग दहा टॅब उघडून परत बघा. चार जीबीच्या मशीनवर डेस्कटॉप बदलून वाचवलेली जागा दोन-चार जड टॅबमध्ये संपते. जुनी फिरती हार्ड डिस्क असेल आणि एकाच गोष्टीवर खर्च करायचा असेल तर एसएसडी घ्या. कुठल्याही विंडो मॅनेजरपेक्षा तिचा फरक मोठा.

## काउंटरवरचा मुलगा बदलला तर?

हा आक्षेप रास्त आहे. दर सहा महिन्यांनी माणूस बदलत असेल तर आय-थ्री लावू नका. नव्या माणसाला काळ्या पडद्यासमोर बसवणं हा छळ आहे. एक्सएफसीई ठेवा. त्याच्या विंडो मॅनेजरच्या सेटिंगमध्ये कीबोर्डचा टॅब असतो, तिथं 'खिडकी डाव्या अर्ध्यात' आणि 'उजव्या अर्ध्यात' यांना बटणं लावता येतात. टायलिंगचा अर्धा फायदा त्यातच मिळतो. ओपनबॉक्सही चालेल, माऊसचं उजवं बटण दाबलं की त्याचा मेनू येतो. पण त्याच्या फाइली एक्सएमएलमध्ये आहेत आणि एखादा टॅग बंद करायचा राहिला की तो कुरकुरतो.

प्रिंटरची काळजी नको, छपाई कप्स नावाची वेगळी यंत्रणा बघते आणि तिला कंट्रोलर कोण आहे याचं देणंघेणं नाही. टॅली आणि कोरल ड्रॉ यांच्या मात्र लिनक्ससाठी आवृत्त्या नाहीत. रोजचं काम त्यांच्यावर असेल तर हा सगळा विचार तिथंच थांबवा.

## एक्स बंद होतोय म्हणे?

हळूहळू. त्याच्या जागी वेलँड येतोय, आणि त्यात स्टँड आणि कंट्रोलर एकच. उबुंटू २५.१०मध्ये ग्नोमचं एक्सवरचं सेशन काढून टाकलंय. आय-थ्री एक्सवरच चालतो आणि अजून चालतोय. पुढं जायचं तर स्वे हा त्याचा वेलँडवरचा जुळा भाऊ आहे, आय-थ्रीची फाइल बरीचशी जशीच्या तशी वाचतो. अडतं ते एक्सच्या अवजारांपाशी. सेट-एक्सकेबी-मॅप तिथं चालत नाही, कीबोर्डचं 'इनपुट'च्या कंसात आणि मॉनिटरचं 'आउटपुट'च्या ओळीत लिहावं लागतं. स्वेमध्ये एक्झेक-ऑलवेज नुसत्या रीलोडवरही (मॉड+शिफ्ट+सी) चालतो, म्हणजे वरची गल्लत तिथं आणखी लवकर भोवते. एनव्हिडियाचं कार्ड कंपनीच्या ड्रायव्हरवर चालत असेल तर स्वेच्या वाटेला जाऊ नका, त्याला स्वेचा पाठिंबा नाही.

## बिघडलंच तर

पडदा अडकला तर पॉवरचं बटण दाबण्याआधी कंट्रोल+ऑल्ट+एफ-३ दाबा. काळ्या पडद्यावर लॉगिन मागितलं जाईल. नाव आणि पासवर्ड द्या, टाइप करताना पासवर्ड दिसत नाही. बिघडलेल्या कॉन्फिगचं नाव बदला, ठेवलेली नक्कल तिच्या जागी आणा, 'सुडो रीबूट'.

चांगली जमलेली फाइल पेन ड्राइव्हवरून दुकानातल्या दुसऱ्या मशीनवर नेता येते, फक्त मॉनिटरच्या ओळी वगळून. एका मशीनला पडदा व्हीजीए-१ म्हणून ठाऊक असतो, दुसऱ्याला एचडीएमआय-१ म्हणून. नवीन मशीनवर 'एक्स-रँडर' चालवायचं, 'कनेक्टेड' शब्दाच्या आधीचं नाव घ्यायचं आणि तेच 'वर्कस्पेस १ आउटपुट'च्या पुढं लिहायचं.